टॉवेलच्या कारखान्यात ड्रायव्हरविना फिरणाऱ्या एजीव्ही गाडीला रस्ता कसा कळतो? जीपीएस असतं का?

नाही. पत्र्याच्या शेडखाली जीपीएसचा सिग्नल धड मिळत नाही, आणि मिळाला तरी चूक काही मीटरची. तुम्हाला सुताच्या कोनची (शंकूसारख्या रिळांची) ट्रॉली यंत्रमागांच्या दोन रांगांमधून न्यायची आहे, म्हणजे हिशोब सेंटीमीटरचा.

मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत अशा गाड्यांची देखभाल करतो. गाडीचा पहिला भरवसा स्वतःच्या चाकांवर असतो. चाक किती फिरलं, स्टिअरिंग किती वळलं हे एन्कोडर नावाचा सेन्सर सांगतो, त्यावरून ती आपली जागा काढत राहते. अंधारात पावलं मोजत न्हाणीघर गाठावं तसं. पण चाक घसरतं, रबर झिजतं, आणि चूक साचत जाते. ती पुसायला बाहेरची एखादी खूण लागते. ती खूण कसली, यावर गाडीचा प्रकार ठरतो.

१९५० च्या दशकात अमेरिकेत ही गाडी आली तेव्हापासूनची जुनी युक्ती म्हणजे वायर. पुढे ती जमिनीत खाच पाडून पुरू लागले. तिच्यातून काही किलोहर्ट्झचा एसी करंट जातो. गाडीच्या पोटाखालच्या दोन कॉइलमध्ये सारखं व्होल्टेज आलं की गाडी मधोमध. एकीकडे जास्त आलं की स्टिअरिंग तिकडे. काँक्रीटवर उत्तम. अक्कलकोट रोडच्या एखाद्या जुन्या शेडमध्ये शहाबादी फरशी असेल तर मात्र विसरा. मॅग्नेटिक टेप स्वस्त, चिकटवली की झालं, पण हातगाड्यांच्या चाकांनी तिच्या कडा उचलल्या जातात. जमिनीवर क्यूआर स्टिकर लावून गाडीच्या कॅमेऱ्याने वाचता येतात, पण त्यांच्यावर तेल आणि कापसाची धूळ बसते.

लेझरमध्ये दोन जाती. एकीत खांबांवर रिफ्लेक्टर लावतात. वरचा फिरता लेझर निदान तीन रिफ्लेक्टर पाहून जागा काढतो. दुसरी काहीच न लावता भिंती-खांबांचा नकाशा स्वतः बनवते. विकणारे हीच पुढे करतात, आणि मोकळ्या गोदामात ती खरंच छान चालते. पण मागांच्या रांगा एकसारख्या दिसतात, गाडीला आपण तिसऱ्या रांगेत की चौथ्या ते कळेना होतं. त्यात पोत्यांच्या थप्प्या रोज हलणार. अशा शेडमध्ये मी तरी रिफ्लेक्टरच सांगेन.

माणूस आडवा आला तर थांबायचं काम या सगळ्याहून वेगळं. त्याला पुढे खाली बसवलेला सेफ्टी स्कॅनर असतो: लांब काही दिसलं की वेग कमी, जवळ आलं की ब्रेक. त्याच्या काचेवर धूळ साचली तरी गाडी मुद्दाम थांबते. आपल्याकडे ‘गाडी बिघडली’ म्हणून येणारे कितीतरी फोन एका फडक्याने मिटतात. मात्र तो जमिनीलगतच्या एकाच पातळीत बघतो. स्टँडवरून बाहेर डोकावणारा बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ) त्याला दिसत नाही, म्हणून वाटेच्या कडेला बीम ठेवू देऊ नका.

फरशीचा फोटो आणि दोन रांगांमधलं अंतर इथे टाका, मग टेप की लेझर ते सांगतो.