नव्या कर्नलवर मॉडेमचा जुना ड्रायव्हर चालत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उबंटू २०.०४ वरून तुम्ही २२.०४ मार्गे २४.०४ वर आलात, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ चा ६.८ झाला. तेव्हापासून यूएसबीवरचा क्वेक्टेल ईसी२५ हा फोर-जी मॉडेम नेटला जोडला जात नाही. मॉडेमसोबत मिळालेला गोबीनेट ड्रायव्हर कंपाइल करायला घेतला की एररची रांग लागते. कुठूनतरी मिळालेला पॅच (कोडमधली दुरुस्ती) लावून तो एकदाचा बिल्ड झाला, तर आता लोड होत नाही. म्हणून परत ५.४ वर जावं का, असं तुम्ही विचारताय.

परत जाऊ नका. उबंटू २०.०४ ची नेहमीची मुदत २०२५ मध्येच संपली आहे, आणि नेटला थेट जोडलेल्या मशीनवर तसा कर्नल ठेवणं मला पटत नाही. तो ड्रायव्हर दुरुस्त करण्यातही वेळ घालवू नका. ईसी२५ साठी लागणारे दोन्ही ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आधीपासून आहेत: सीरियल पोर्टसाठी 'ऑप्शन' आणि डेटासाठी 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन'. ते तुमच्या ५.४ मध्येही होते. बाहेरचा ड्रायव्हर तेव्हाही गरजेचा नव्हता, फक्त मॉडेमसोबतच्या कागदात तोच घालायला सांगितलं होतं.

मग आता आतला ड्रायव्हर आपोआप का लागला नाही? माझा पहिला संशय एका विसरलेल्या फाइलवर आहे. गोबीनेट बसवताना बहुतेक सूचनांमध्ये क्यूएमआय_डब्ल्यूवॅनला ब्लॅकलिस्ट करायला, म्हणजे आपोआप लोड होऊ न द्यायला सांगतात, कारण दोघंही मॉडेमच्या एकाच इंटरफेसवर (एका कामाच्या जोडणीवर) हक्क सांगतात आणि कर्नलमधला आधी पकडतो. ती ब्लॅकलिस्टची ओळ '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये कुठल्यातरी फाइलीत पडून राहते. सिस्टिम अपग्रेड केली तरी तुमच्या हाताने लिहिलेली फाइल कोणी पुसत नाही. परिणाम असा, की जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालत नाही आणि नव्याला तुम्हीच दार बंद करून ठेवलंय.

हे पडताळायला 'एलएसयूएसबी' ला '-टी' जोडून चालवा. झाडासारखी यादी येईल, त्यात या मॉडेमचे पाच इंटरफेस दिसतील, ० ते ४. पहिल्या चारांसमोर ड्रायव्हर म्हणून 'ऑप्शन' असायला हवा आणि ४ समोर 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन'. ४ समोरची जागा रिकामी असेल किंवा तिथे 'नन' लिहिलेलं असेल, तर माझा अंदाज बरोबर आहे. ४ समोरही 'ऑप्शन' दिसला तर प्रकरण वेगळं: कोणीतरी 'न्यू_आयडी' (ड्रायव्हरला नव्या यंत्राची ओळख सांगायची फाइल) मध्ये मॉडेमचा नंबर लिहिणारा नियम यूडेव्हमध्ये (यंत्र जोडल्यावर काय करायचं ते ठरवणारी व्यवस्था) टाकलेला असतो, आणि त्यामुळे सीरियल ड्रायव्हर डेटाचा इंटरफेसही गिळतो. तो नियम काढून टाका. हा मॉडेम '२सी७सी:०१२५' या ओळखीने कर्नलला माहीत आहे, त्याची नव्याने ओळख करून द्यायची गरज नाही.

ब्लॅकलिस्टची ओळ काढलीत की 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवायला विसरू नका. मॉडप्रोबच्या फाइलींची एक प्रत इनिटरामएफएसमध्येही (बूट होताना आधी वाचला जाणारा फाइलींचा गठ्ठा) असते, आणि ती जुनीच राहिली तर रीबूटनंतर पुन्हा तेच घडू शकतं. 'फाइल तर काढली, तरी फरक नाही' अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हेच विचारतो. सोबत 'डीकेएमएस स्टेटस' (डीकेएमएस म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर पुन्हा बिल्ड करणारं साधन) पाहून गोबीनेटची नोंद असेल तर तीही काढा, नाहीतर प्रत्येक कर्नल अपडेटला तो बिल्ड फसत राहील आणि अपडेटच अर्धवट अडकल्यासारखं दिसेल.

या सगळ्याच्या आधी हार्डवेअर आणि सिम ठीक आहे ना, याची दोन मिनिटांत खात्री करता येते, आणि तीही डेटा ड्रायव्हरशिवाय. मॉडेममॅनेजर (मॉडेम सांभाळणारी पार्श्वसेवा) तात्पुरता थांबवा, मिनिकॉम या सीरियल टर्मिनलने 'टीटीवाययूएसबी२' उघडा (ईसी२५ मध्ये ० वर डायग्नोस्टिक, १ वर जीपीएस, २ वर एटी कमांड, म्हणजे मॉडेमला द्यायच्या आज्ञा, आणि ३ वर डायल करायचा पोर्ट असतो, दुसरं काही सीरियल यंत्र जोडलेलं असेल तर हे आकडे पुढे सरकतात). 'एटी+सीपीआयएन?' ला 'रेडी' असं उत्तर आलं की सिम वाचलं जातंय. 'एटी+सीईआरईजी?' च्या उत्तरात दुसरा आकडा १ किंवा ५ आला की नेटवर्कवर नोंदणी झाली आहे. इथवर जमलं तर मॉडेम धडधाकट आहे, अडचण फक्त कॉम्प्युटरच्या बाजूला आहे.

तिथेच 'एटी+क्यूसीएफजी="यूएसबीनेट"' हेही विचारून घ्या. मॉडेम कॉम्प्युटरशी डेटाची देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने करतो ते यातून कळतं: ० म्हणजे क्यूएमआय, १ म्हणजे ईसीएम, २ म्हणजे एमबीआयएम. आधीच्या कोणी तो १ वर ठेवला असेल तर क्यूएमआय_डब्ल्यूवॅन कधीच लागणार नाही, 'सीडीसी_ईथर' लागेल. आणि त्यात चूक काही नाही. मी स्वतः ० पसंत करतो, कारण मॉडेममॅनेजरला त्यातून मॉडेमवर पूर्ण ताबा मिळतो.

आता ड्रायव्हर लागला असं धरू. 'एमएमसीएलआय -एल' ने मॉडेम दिसायला हवा. नेटवर्कमॅनेजरमध्ये 'जीएसएम' प्रकारचं कनेक्शन बनवताना इंटरफेसच्या जागी लोक 'डब्ल्यूवॅन०' (डेटाच्या इंटरफेसचं नाव) लिहितात आणि मग कनेक्शन सुरूच होत नाही. तिथे नियंत्रणाच्या पोर्टचं नाव लागतं, म्हणजे 'सीडीसी-डब्ल्यूडीएम०'. नाहीतर सरळ '*' द्या, तो स्वतः शोधतो. एपीएन (मोबाइल डेटाच्या प्रवेशद्वाराचं नाव) तुमच्या सेवादात्याचा. जुन्या सिस्टिमवर गोबीनेटने इंटरफेसला 'यूएसबी०' असं नाव दिलेलं असेल तर तुमच्या फायरवॉलचे नियम, राउटिंगच्या स्क्रिप्ट, जे काही त्या नावावर बेतलेलं आहे ते सगळं बदलावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

एक ठिकाण असं आहे जिथे जाणकार माणूसही अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॉडेम 'कनेक्टेड' म्हणतो, सिग्नल उत्तम असतो, पण डब्ल्यूवॅन० ला आयपी पत्ता मिळत नाही किंवा मिळूनही एक पॅकेट पलीकडे जात नाही. कारण बहुधा 'रॉ-आयपी' असतं. या पिढीतले मॉडेम पॅकेटला ईथरनेटचा हेडर लावत नाहीत, नुसतं आयपी पॅकेट पाठवतात. कर्नल मात्र इंटरफेस आधी ईथरनेट पद्धतीने उभा करतो. दोघांची पद्धत जुळली नाही की सगळं जोडलेलं दिसतं आणि काहीच वाहत नाही. कर्नल ४.५ पासून यासाठी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दिसतात ती जागा) 'क्यूएमआय/रॉ_आयपी' नावाचा स्विच आहे. इंटरफेस बंद असताना त्यात 'वाय' लिहावं लागतं. मॉडेममॅनेजर वापरलात तर तो हे स्वतः करतो आणि पत्ताही मॉडेमकडून विचारून घेतो; तो पत्ता इंटरफेसवर नेटवर्कमॅनेजर बसवतो. स्वतःच्या स्क्रिप्टने 'क्यूएमआयसीएलआय' (क्यूएमआय मॉडेमला थेट आज्ञा द्यायचं साधन) चालवणाऱ्यांनी मात्र हे हाताने करायचं, आणि रॉ-आयपीवर काही डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता मागणारे) क्लायंट चालतच नाहीत हेही लक्षात ठेवायचं. मॉडेममॅनेजर चालू असताना क्यूएमआयसीएलआय वापरायचा असेल तर त्याला '-पी' द्या, म्हणजे दोघं प्रॉक्सीतून बोलतील आणि एकमेकांच्या पायात पाय घालणार नाहीत.

तुमच्या कंपाइलच्या एररबद्दलही सांगतो, कारण दुसऱ्या कुठल्या मॉडेमसाठी बाहेरचा ड्रायव्हर खरोखरच लागणारा माणूस हे वाचत असेल.

लिनक्स कर्नल बाहेरच्या जगाला, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द मोडत नाही. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमही चालावा अशी त्यांची धडपड असते. कर्नलच्या आतल्या फंक्शनांबाबत मात्र असं कुठलंही वचन नाही, आणि ते जाणूनबुजून. आतलं फंक्शन बदलणारा माणूस कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त करून देतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला ही सोय मिळत नाही. ५.४ ते ६.८ या पल्ल्यात काय काय बदललं ते पाहा: ५.६ मध्ये प्रोक फाइलींसाठी 'प्रोक_ऑप्स' ही वेगळी रचना आली आणि 'आयओरीमॅप_नोकॅश' गेलं. ५.१५ मध्ये 'अलॉक_टीटीवाय_ड्रायव्हर' काढलं. ६.१ मध्ये 'सेट_टर्मिऑस' ची सही बदलली. ६.४ मध्ये 'क्लास_क्रिएट' चा पहिला आर्ग्युमेंट, तो 'धिस_मॉड्यूल', उडाला. तुमच्या एररच्या यादीत यातल्या दोन-तीन ओळी नक्की सापडतील.

यातले बरेचसे बदल 'कर्नल_व्हर्जन' ची अट घालून निस्तरता येतात. फक्त पहिली एरर वाचा, ती सोडवा, पुन्हा बिल्ड करा; खालच्या पन्नास ओळी बहुतेक तिच्याच पोटच्या असतात. धोका आहे तो वॉर्निंगमध्ये. नेटवर्क ड्रायव्हरपुरतं उदाहरण देतो. ५.१७ पासून नेट डिव्हाइसचा 'डेव्ह_अ‍ॅडर' (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) कॉन्स्ट, म्हणजे थेट बदलता न येणारा झाला, कारण पत्ते आता आतमध्ये एका वेगळ्या झाडात नोंदवले जातात. जुना ड्रायव्हर तिथे थेट मेमकॉपी करतो, म्हणजे पत्ता सरळ मेमरीत लिहितो. कंपायलर म्हणतो 'कॉन्स्ट टाकून देताय', आणि पॅच लिहिणारा एक कास्ट (जबरदस्तीने बदललेला डेटाचा प्रकार) ठोकून त्याचं तोंड बंद करतो. बिल्ड होतं, मॉड्यूल चढतं, आणि पुढे कर्नल 'इनकरेक्ट नेटडेव्ह डेव्ह_अ‍ॅडर' असं लॉगमध्ये ओरडतो, कारण झाडातली नोंद आणि प्रत्यक्ष पत्ता जुळत नाहीत. योग्य उपाय एका ओळीचा आहे: मेमकॉपीऐवजी 'ईथ_एचडब्ल्यू_अ‍ॅडर_सेट'. टायमरचंही तसंच. ४.१५ मध्ये कॉलबॅकला मिळणारा आर्ग्युमेंट बदलला; तिथे कास्ट करून वेळ मारून नेली तर फंक्शनला भलताच पॉइंटर मिळतो आणि मशीन केव्हा गोठेल याचा नेम नाही. कुठूनतरी आलेला पॅच लावण्यापूर्वी त्यात असे कास्ट किंवा वॉर्निंग दडपणारे फ्लॅग आहेत का, तेवढं तरी डोळ्यांखालून घाला. कर्नलमध्ये चालणारा कोड सगळ्या मशीनची मेमरी हाताळू शकतो.

बिल्ड होऊनही लोड होत नाही, याची कारणं वेगळी, आणि संदेश नीट वाचला तर कारण त्यातच असतं. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणजे मॉड्यूल एका कर्नलच्या हेडरवर (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइलींवर) बांधलंय आणि चालतोय दुसरा. 'मॉडइन्फो' मधली 'व्हरमॅजिक' ची ओळ आणि 'यूनेम -आर' शेजारी ठेवून पाहा. 'अननोन सिम्बॉल' आलं तर ते फंक्शन नव्या कर्नलमध्ये उरलेलं नाही, किंवा फक्त जीपीएल (मुक्त परवान्याच्या) मॉड्यूलसाठी राखीव आहे. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर कोडशी त्याचा संबंधच नाही: सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही. हाताने मेक करून बसवलेल्या मॉड्यूलवर सही होत नाही. डीकेएमएसमधून बसवा आणि त्याची की 'मॉकयूटिल' ने नोंदवा. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला हेच झालेलं दिसतंय. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सर्रास देतात. मी देणार नाही.

लॅपटॉपच्या आतले पीसीआयई मॉडेम असणाऱ्यांसाठी उलटं आहे: तिथे नवा कर्नलच कामाचा. डब्ल्यूवॅनची (मोबाइल नेटवर्कच्या मॉडेमसाठीची) चौकट ५.१३ मध्ये आली, इंटेलच्या मॉडेमचा 'आयओएसएम' ५.१४ मध्ये, मीडियाटेकचा 'टी७एक्सएक्स' ५.१९ मध्ये. मॉडेम दिसतो पण चालू होताना नकार देतो, असं असेल तर कर्नलला दोष देण्याआधी एफसीसी लॉक (अमेरिकी नियामकाच्या नियमांमुळे मॉडेमला घातलेलं कुलूप) तपासा. मॉडेममॅनेजर १.१८.४ पासून तो लॉक आपोआप उघडत नाही. त्याच्या स्क्रिप्ट 'एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी' मध्ये असतात आणि तुमच्या मॉडेमची स्क्रिप्ट '/ईटीसी/मॉडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.डी' मध्ये लिंक करावी लागते.

आणि जुने डायल-अप सॉफ्टमॉडेम, ज्यांचं सिग्नलचं सगळं गणित मॉडेमऐवजी सीपीयू करतो: त्यांचा गाभा बंद बायनरीत असतो, एसएलमॉडेमचा तर ३२ बिटचा, म्हणून त्यांच्या नादी लागू नका. फॅक्ससाठी डायल-अप लागतच असेल तर स्वतःचा कंट्रोलर असलेला यूएसबी मॉडेम घ्या. तो 'सीडीसी_एसीएम' वर 'टीटीवायएसीएम०' म्हणून उभा राहतो, ड्रायव्हरची शोधाशोधच नाही.

ब्लॅकलिस्ट काढून, इनिटरामएफएस बनवून, रीबूट करूनही इंटरफेस ४ रिकामा राहिला तर 'एलएसयूएसबी -टी' चं पूर्ण आउटपुट आणि 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग) मधल्या मॉडेम जोडल्यापासूनच्या ओळी इथे टाका. छाटू नका, वरवर निरर्थक दिसणारी ओळच अनेकदा उत्तर देते. कर्नलमधलाच ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर चालून नव्यावर बंद पडलेला निघाला, तर तो रिग्रेशन आहे आणि कर्नलवाले त्याला गांभीर्याने घेतात. तसं झालं तर कोणत्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये बिघडलं ते गिट बायसेक्टने (आवृत्त्या निम्म्या-निम्म्या तपासत दोषी बदल शोधणारी आज्ञा) शोधायला मी सोबत बसतो, आणि यूएसबीच्या मेलिंग लिस्टवर कळवायचा मजकूरही आपण मिळून लिहू.