तहसील कार्यालयात कर्णबधिर अर्जदारांसाठी व्हिडिओवरून सांकेतिक भाषेचा दुभाषी जोडायचा आहे. 25 हजारांत कॅमेरा कोणता घ्यावा?

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. 1080चा साधा यूएसबी वेबकॅम पुरतो. मी लातूर-नांदेड भागात लग्नांचं लाइव्ह करतो, आणि त्याच सामानावर दवाखान्यांत, पालकसभांत अशी जोडणी लावून देतो. बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते उजेडापाशी.

उजेड कमी पडला की वेबकॅम आपोआप एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो. सेकंदाला 30च्या जागी 15 फ्रेम येतात आणि हलणारी बोटं फिसकटतात. तोंडी बोलण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण इथं सगळा मजकूर हातांत असतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची 1999ची सांकेतिक भाषेच्या व्हिडिओवरची पुरवणीही तेच सांगते: चित्र लहान चालेल, पण फ्रेम 20च्या खाली नकोत, 25 असल्या तर उत्तम. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगचे एलईडी पॅनल लावा. अर्जदाराच्या पाठीशी खिडकी नको. मे महिन्याचं ऊन मागून आलं की माणूस नुसता काळा दिसतो. सेटिंगमध्ये फ्लिकर 50 हर्ट्झवर ठेवा. ते 60वर राहिलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात.

चौकटीत डोक्यावर वीतभर जागा, खाली कंबर आणि हात पसरले तरी दोन्ही कोपरं आली पाहिजेत. खुर्ची बिनहाताची. मागे एकरंगी पडदा खराखुरा टांगा, ॲपमधली खोटी पार्श्वभूमी बोटं खाते.

दुभाषी मोठ्या स्क्रीनवर, कॅमेरा त्याच स्क्रीनच्या वर मधोमध. झूममध्ये दोन्हीकडच्यांनी एकमेकांना पिन करायचं. नाहीतर आवाज येईल तिकडं चित्र पळतं. नायब तहसीलदार खोकले तरी पडद्यावर तेच, आणि अर्जदार कधीच नाही! साहेबांपुढे स्पीकरफोन हवाच, कारण दुभाष्याला ऐकून खुणा करायच्या असतात. पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉपचा माईक त्याला फक्त घरघर ऐकवतो.

इंटरनेट वायरीनं जोडा. अपलोड सलग 2 एमबीपीएस मिळाला तरी भागतं. लाइट जाणारच, तेव्हा राऊटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस आणि डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप. मोठी स्क्रीन बंद पडली तरी बोलणं तुटत नाही.

एक अडचण मात्र सामानानं सुटत नाही. शाळेत न गेलेले बरेच जण घरच्याच खुणा करतात, त्या दुभाष्याला कळत नाहीत. अशा वेळी घरच्या माणसाला शेजारीच, त्याच चौकटीत बसवा, म्हणजे तो दुभाष्याला उलगडून सांगेल. त्यासाठी कॅमेरा फूटभर मागे घ्यावा लागेल, तेवढी जागा खोलीत आधीच सोडा. सुनावणी अर्ध्या तासाच्या वर जाणार असेल तर दुभाषी दोन सांगा. आळीपाळीनं करतात, हात आणि डोकं दोन्ही थकतं.