चिवावा जातीचा आमचा छोटा कुत्रा सतत थरथरतो आणि उचलायला गेलं की गुरगुरतो. ही जातच चिडकी असते का? गुरगुरणं बंद कसं करायचं?

बंद करू नका. बाकीचं उत्तर वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचलंत तरी पुरे.

वेळ असेल तर सविस्तर सांगते, कारण याच प्रश्नावरून माझ्या घरात बराच काळ वाद चालला आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही.

आमची चिंगी आखूड केसांची, तांबूस रंगाची, वजन जेमतेम दोन किलो. चालता चालता ती मधेच मागचा उजवा पाय उचलायची, तीन पायांवर दोनचार उड्या मारायची, मग तो पाय मागे ताणून झटकायची आणि काही झालंच नाही अशी पुढे निघायची. घरात सगळ्यांना याचं भारी कौतुक. ‘चिंगीचा नाच’ म्हणून व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवले जायचे. मी पहिल्यापासून सांगत होते की तिच्या पायात काहीतरी अडकतंय. तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर उभं केलं, वरवर बघितलं, ‘छोट्या जातीत असं असतंच’ म्हणाले आणि कॅल्शियमची बाटली लिहून दिली.

त्याच सुमारास ती गुरगुरायला लागली. पोटाखाली हात घालून कोणी उचललं की हमखास. माझ्या मोठ्या दिरांनी आयुष्यभर अल्सेशियन पाळलेत, त्यामुळे कुत्र्यांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. भाऊजींचं म्हणणं, लाडाने शेफारलीय, आत्ताच दाबली नाही तर डोक्यावर बसेल. ती गुरगुरली की ते तिच्या नाकावर बोटाने टिचकी मारायचे आणि ‘चूप!’ म्हणून ओरडायचे. मी दरवेळी अडवायचे, दरवेळी मलाच ऐकावं लागायचं. हळूहळू चिंगीचं गुरगुरणं थांबलं. ‘बघ, सुधारली की नाही?’ हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल!

मग एका दुपारी ती सोफ्यावर झोपलेली असताना भाऊजींनी तिला एका हाताने उचललं आणि तिने तोंडातून आवाजही न काढता त्यांचा अंगठा फोडला. घरात एकच गोंधळ. न सांगता चावली, आता हिचा भरवसा नाही, कोणालातरी देऊन टाका. मी समोरच बसले होते, त्यामुळे मी काय पाहिलं ते लिहिते. हात जवळ आला तशी तिने मान दुसरीकडे वळवली. जिभेने ओठ चाटले. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. मग सगळं अंग ताठ झालं आणि मगच ती चावली. या सगळ्याला दोनएक सेकंद लागले असतील. ती सांगतच होती. मोठ्याने सांगायची सोय तेवढी तिच्यापासून काढून घेतली होती.

मी तिला दुसरीकडे, हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी आधी तिला मोकळं चालू दिलं, मग कुशीवर झोपवलं, गुडघ्याच्या वाटीवर अंगठा ठेवला आणि पाय सरळ करून किंचित आत वळवला. ‘माझ्या अंगठ्याच्या जागी तुमचं बोट ठेवा,’ म्हणाले. मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी माझ्या बोटाखालून टक् करून आतल्या बाजूला सरकलं आणि परत जागेवर आलं. वाटी निसटण्याच्या चार पायऱ्या मानतात, चिंगीची दुसरी होती. अधूनमधून वाटी खोबणीतून निसटते, पाय झटकला की परत बसते. तोच तो नाच. वाटी निसटली की पाय दुखतो, आणि एका हाताने उचललं की मागचा भाग नुसता लोंबतो. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडातली खोबण खोल केली आणि वाटीचा कंडरा नडगीवर जिथे जोडलेला असतो ती जागा थोडी बाहेर सरकवली. त्यानंतर बरेच आठवडे उड्या बंद, जिना बंद, पट्ट्याला धरून घरातल्या घरात चार पावलं.

पाय बरा झाल्यावरही ती लगेच मोकळी झाली नाही. हात येताना दिसला की आक्रसायची. मग मी तिला विचारून उचलायला लागले. शेजारी बसायचं, ‘उचलू?’ म्हणायचं, हात पुढे करून थांबायचं. ती जवळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि खाऊ. मान वळवली तर राहू दे. काही महिन्यांनी एकदा तिची गादी सरकवायला गेले तर ती बारीक आवाजात गुरगुरली. मी हात मागे घेतला आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

आता जात चिडकी असते का? मी ठामपणे नाही म्हणेन. झोपलेल्या रॉटवायलरसारख्या दांडग्या कुत्र्याला मागून जाऊन कोणी उचलतं का? तो गुरगुरला की माणूस दोन पावलं मागे सरतो. चिवावा गुरगुरला की माणूस हसतो आणि हात आणखी पुढे नेतो. साध्या भाषेत सांगून भागत नाही हे दिवसातून अनेकदा शिकवल्यावर कोणताही प्राणी दात वापरेल. अर्थात काही पिल्लं मुळात भित्री असतात, आणि आठ आठवडे व्हायच्या आत आईपासून तोडलेली तर जास्तच, हेही खरं.

थरथरण्याबद्दल. एवढ्याशा शरीरात वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ फार, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. त्यामुळे थंडीने थरथरतात, आनंदाने आणि भीतीनेही थरथरतात, आणि दुखत असलं तरी थरथरतात. म्हणून नुसतं थरथरणं बघू नका, सोबत शेपूट, कान, भूक काय सांगते ते बघा. छोट्या पिल्लाच्या बाबतीत मात्र सावध राहा. काही तास पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते, पिल्लू सुस्तावतं, झोकांड्या खातं, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा, घशात ओतू नका, आणि तसेच दवाखाना गाठा. एरवी दिवसातून तीनचार वेळा थोडं थोडं खायला घाला.

बाकीचं थोडक्यात. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या, या जातीत श्वासनलिका दबण्याचा त्रास बराच दिसतो आणि मग बदकासारखा खोकला सुरू होतो. दात रोज घासा. ४२ दात त्या चिमुकल्या जबड्यात दाटीवाटीने बसतात, दुधाचे दात पडायचे राहून जातात आणि हिरड्या लवकर सडतात. टाळूवर मऊ जागा लागली तर घाबरू नका, बऱ्याच चिवावांची टाळू पूर्ण भरत नाही, पण डोक्याला मार लागू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवून ठेवा. वजन वाढू देऊ नका, गुडघ्यांचं नुकसान होतं. आणि ‘टीकप चिवावा’ अशी कुठलीही वेगळी जात नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात जास्तीत जास्त वजनच ६ पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो आहे, मुळातच एवढ्याशा जातीत आणखी खुजी पिल्लं मुद्दाम पैदा करणं मला क्रूरपणा वाटतो.

प्रत्येक गुरगुरण्यामागे गुडघाच असतो असं नाही. दात, कान, पाठ, पोट, भीती, काहीही असू शकतं. आणि घरात लहान मूल असेल तर कारण सापडेपर्यंत दोघांना एकत्र एकटं सोडू नका, कुत्रा कितीही गुणी असला तरी.

भाऊजी आजही ‘न सांगता चावली’ असंच सांगतात. तुमच्याकडेही असं म्हणणारं कोणी असेल तर आत्ताच थांबवा, टिचकीसुद्धा मारू देऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाताना कुत्रा चालतानाचा आणि त्याला उचलतानाचा व्हिडिओ घेऊन जा. तिथे नुसतं टेबलावर उभं करून बघितलं तर तेवढ्यावर घरी येऊ नका, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या हाताने सरकवून बघायला सांगा.