चालताना विचार करायचाय? आधी भुणभुण होऊ दे

रोज तासभर चालतोस, पण डोक्यात नुसती ऑफिसची कटकट, असं म्हणालास. पहिली वीस-पंचवीस मिनिटं माझंही तेच होतं. तिच्याशी भांडू नकोस. फक्त हेडफोन घरी ठेव.

रस्ता रोजचाच धर. वाट शोधावी लागली की लक्ष तिकडेच जातं. जर्मन तत्त्वज्ञ कांट त्याच्या कोनिग्जबर्ग शहरात ठरल्या वेळी फिरायला निघायचा. उतारवयात तर एकटाच, कारण तोंड मिटून नाकानेच श्वास घ्यायचा हा त्याचा नियम. सोबती असला की बोलावं लागतं. घाम येऊ नये म्हणूनही जपायचा. (मे महिन्यात आपल्याकडे करून दाखव म्हणावं!)

नीत्शे हाही जर्मन तत्त्वज्ञच, पण त्याची तऱ्हा उलटी. तो डोंगरात तासन्‌तास भटकायचा, वही जवळ. ऑगस्ट १८८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिल्वाप्लाना तलावाकाठी, पिरॅमिडसारख्या एका शिळेपाशी तो थबकला. हेच आयुष्य जसंच्या तसं, अनंत वेळा जगावं लागलं तर? हा विचार त्याला तिथे सुचला आणि त्याने तो कागदावर टिपला. तूही छोटी वही ठेव. मोबाइलवर लिहायला गेलास की व्हॉट्सॲप उघडतंच.

निघताना एकच प्रश्न सोबत घे. नाही सुटला, तर उद्या पुन्हा तोच. चढावर दम लागला की वाक्यं तुटतात, तेव्हा विचार सोडून दे. सपाटीवर तो आपसूक परत येतो.

वारीत मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे पावलं टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पडतात, त्याबद्दल भेटलो की बोलू.