मागील बाकी 17

"प्रार्थना चुकली तर देव रागावतो का?" ख्रिस्ती कुटुंबांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणारे हा प्रश्न मला नेहमी विचारतात, बरेचदा हसत हसत. या ताईंनी तो विचारलाच नाही. पर्समधून वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दोनशेपानी वही. रकाने आखलेले: सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, बायबलचे तीन अध्याय, दशांश (कमाईचा दहावा भाग चर्चला), शुक्रवारचा उपास. शेवटचा रकाना 'बाकी'चा. चुकलेले अध्याय पुढच्या पानावर ओढलेले, लाल शाईने: 'मागील बाकी 17'. ताई नगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहेत. अक्षर अगदी मोत्यासारखं.

मुलाला टायफॉइड झाला, तेव्हा दवाखान्यात आठ दिवस वाचन झालं नाही आणि ताप काही उतरेना. मनात दोन्हींची गाठ पडली ती पडलीच. मुलगा बरा होऊन केव्हाच शाळेत जाऊ लागला; ताई मात्र पहाटे चारला उठत होत्या. वाचताना एखाद्या ओळीवर लक्ष नव्हतं असं वाटलं, की अध्याय पुन्हा पहिल्यापासून.

मंत्रचळ (ओसीडी) म्हटलं की आपल्याला सारखे हात धुणारी माणसं आठवतात. पण तो प्रार्थनेतूनही शिरतो, आणि तिथे तो भक्तीसारखा दिसत असल्यामुळे घरचे उलट कौतुक करतात. म्हणून मी आधी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध आणि समुपदेशन, दोन्ही बरोबरीने चालू झालं.

चर्चच्या पाळकांनी त्यांना बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं वचन दिलं होतं: तारण कृपेने होतं, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे. ताईंना ते तोंडपाठ होतं. तरी वही चालूच.

मी धर्मशास्त्रात शिरले नाही. त्यांच्याच कामाचं विचारलं. "कर्ज माफ होऊन खातं बंद झालं, तरी माणूस हप्ता घेऊन आला तर?"

"घेता येत नाही. खातं बंद असलं की सिस्टीम एंट्रीच घेत नाही. आम्ही त्याला बेबाकी दाखला दाखवतो." मग थांबल्या. कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की आपल्याविरुद्धचा हस्तलेख, म्हणजे ऋणाचा कागद, देवाने खोडून वधस्तंभाला खिळला. हे त्यांनीच मला सांगितलं, मी नाही.

हे फार काळ टिकलं नाही. त्याच रात्री त्यांनी दोन अध्याय जास्त वाचले, 'देवाची थट्टा केली' म्हणून. मुद्दा पटला म्हणजे भीती गेली असं होत नाही. मला हे अजूनही दर वेळी नव्याने शिकावं लागतं.

सासूबाईंची शंकाही रास्त होती: "मग काय, वाटेल तसं वागायला मोकळीक?" रोमकरांस पत्रात पौल हीच शंका स्वतः काढतो आणि साफ 'नाही' म्हणतो. प्रार्थना सोडायची नव्हतीच. सोडायची होती ती वसुली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना उमगायला त्यानंतर सुमारे आठ वर्षं लागली. सासूबाई रमाबाईंनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या शाळेत शिकलेल्या. रमाबाईंचं नाव निघताच त्या गप्प झाल्या, आणि पुढच्या वेळी सुनेबरोबर आल्या.

मग खरं काम. आठवड्यातून एक दिवस अध्याय मुद्दाम वाचायचा नाही, दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, आणि त्याबद्दल क्षमाही मागायची नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं. पहिल्या वेळी छाती धडधडली, त्यांनी मुलाच्या कपाळाला चारदा हात लावून पाहिला. साधारण पाऊण तासाने धडधड आपोआप ओसरली. पुढच्या आठवड्यात त्याहून लवकर.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. "आज साडेसहालाच जाग आली. वाचलं नाही. डबा करतेय."

"बाकी लिहिली?"

"पेन घेतलं होतं हातात," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."