नागपूरच्या छोट्या यंत्रमालकाने बंगळुरूच्या एक्सकॉनला जावे का?

आपण विचारले आहे की, आपल्याकडे दोन जेसीबी आणि एक पोकलेन भाड्याने चालतात, दिवाळीनंतरच्या कामांसाठी वीस टनांची आणखी एक पोकलेन मशीन घेण्याचा विचार आहे, तर त्यासाठी नागपूरहून एक्सकॉन या बांधकाम यंत्रांच्या प्रदर्शनाला जाण्याचा खर्च करावा की इथल्याच डीलरकडे बोलणी उरकावीत. मी याच धंद्यात आहे आणि २०१७ व २०२३ अशी दोन्ही वर्षे तिथे जाऊन आलो आहे. माझे मत असे की, जावे, पण आपल्या ऑपरेटरला बरोबर न्यावे आणि तिथे कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

एक्सकॉन हे भारतीय उद्योग महासंघाचे, म्हणजे सीआयआयचे, दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन आहे. ते सहसा विषम वर्षाच्या डिसेंबरात, तुमकूर रस्त्यावरील प्रदर्शन केंद्रात पाच दिवस चालते. फक्त २०२१ चे प्रदर्शन कोविडमुळे मे २०२२ मध्ये झाले. नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेसने बंगळुरूला थेट जाता येते आणि नोव्हेंबर २०२४ पासून मेट्रोची हिरवी मार्गिका प्रदर्शन केंद्राजवळच्या मादावर स्थानकापर्यंत पोहोचते, त्यामुळे मुक्काम शहरात कुठेही केला तरी चालतो.

ऑपरेटरला नेण्याचा आग्रह मी का धरतो, ते सांगतो. २०२३ साली मी आमच्याकडे चौदा वर्षे पोकलेन चालवणाऱ्या भाऊंना बरोबर नेले. विक्री प्रतिनिधी माझ्याशी टनेज आणि हप्त्याचे बोलत होता, तेवढ्यात भाऊंनी बाजूचे झाकण उघडायला लावले आणि डिझेलमधले पाणी काढण्याचा नळ जमिनीवर उभे राहून हाताला लागतो का, ते पाहिले. दुसऱ्या एका यंत्रावर ब्रेकरचे, म्हणजे दगड फोडणाऱ्या हातोड्याचे, होज पाइप बूमच्या (यंत्राच्या मुख्य हाताच्या) ज्या बाजूने नेले होते, ते पाहून ते म्हणाले, "पाचगावच्या खदानीत हा पाइप महिनाभरही टिकणार नाही, उडालेला दगड थेट यावरच बसेल." केबिनमध्ये बसून उजव्या साखळीची कड दिसते का, हेही त्यांनी तपासले. जो माणूस रोज पहाटे त्या यंत्राला ग्रीस मारणार आहे, त्याच्या नजरेला जे दिसते ते मालकाला दिसत नाही, आणि एकाच आवारात दहा-बारा कंपन्यांची यंत्रे अशी एकामागून एक उघडून पाहण्याची संधी नागपुरात मिळत नाही.

आगाऊ रकमेविषयी मी स्वतःच्या नुकसानीतून सांगतो. कंपनीचे नाव घेणार नाही. २०१७ च्या प्रदर्शनात "फक्त आजच्यापुरती" सवलत ऐकून मी बुकिंग करून आलो. यंत्र फेब्रुवारीत आले, कामही चांगले केले. पण मे महिन्यात काटोल तालुक्यात जलयुक्त शिवारचे नाला खोलीकरण चालू असताना मुख्य पंप गेला आणि त्याचा सुटा भाग परराज्यातील गोदामातून यायला एकोणीस दिवस लागले. ते काम पावसाआधीच व्हायचे असते, त्यामुळे ते दुसऱ्याच्या यंत्राने पूर्ण झाले आणि माझा हप्ता मात्र चालूच राहिला. म्हणून प्रत्येक स्टॉलवर पहिला प्रश्न हाच विचारावा की, पंप, फायनल ड्राइव्ह (साखळी फिरवणारा भाग) आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) नागपुरात साठ्यात असतात का आणि गडचिरोलीच्या साइटवर मेकॅनिक किती तासांत पोहोचतो. उत्तर कागदावर लिहून मागावे. लिहून देताना आवाज बदलतो, असा माझा अनुभव आहे.

माहितीपत्रकातील आकडे शेजारी शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच मापाचे आहेत का, हे पाहणे आवश्यक आहे. एक कंपनी इंजिनाची ग्रॉस शक्ती छापते, तर दुसरी पंखा वगैरेंचा भार वजा करून नेट शक्ती देते. बकेटचे माप कोणी शीग लावून सांगतो, कोणी सपाट. आपल्या काळ्या मातीत शीग भरते, पण फोडलेल्या काळ्या दगडात ती तशी भरत नाही, आणि तासाचा हिशेब तिथेच चुकतो.

जेसीबीही बदलायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही स्टेज पाचचे प्रदूषण निकष लागू झाले आहेत. या नव्या इंजिनांना धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि त्यांचे इंजेक्टर फार नाजूक असतात. साइटवर उघड्या ड्रममधून बादलीने डिझेल टाकण्याची आपली पद्धत त्यांना सोसणार नाही. फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ होण्याची प्रक्रिया कशी चालते, त्या वेळी काम थांबवावे लागते का आणि बिघाड शोधायला लॅपटॉपवाला माणूसच लागतो का, हे तिथे आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरलाच विचारावे. मी दुसरा आणि तिसरा दिवस निवडतो, कारण शेवटच्या दिवशी सगळ्यांचे लक्ष आवराआवरीकडे असते.

परत आल्यावर जी दोन यंत्रे मनात उरली असतील, त्यांच्या इथल्या डीलरकडे आपल्याच साइटवर दोन दिवसांचा डेमो मागावा. प्रदर्शनातील यंत्र मोकळी माती उकरून दाखवते. आपण त्याला मुरमात आणि दगडात घालावे. सकाळी टाकी काठोकाठ भरून अवर मीटरचा, म्हणजे यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा लिहावा, संध्याकाळी पुन्हा काठोकाठ भरावी आणि किती लिटर बसले, ते ऑपरेटरच्या समोर मोजावे.