गावच्या घराचं वीजबिल कमी करायचं तर सुरुवात कशापासून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर राजापूर तालुक्यात, आई-वडील दोघंच राहतात, तुम्ही मुंबईला. उन्हाळ्यात बिल 170 युनिटच्या आसपास जातं. बीएलडीसी पंखे (कमी विजेवर फिरणारे, आत सर्किट असलेले) घ्यावेत, फाइव्ह स्टार फ्रिज घ्यावा की सरळ सोलर बसवून मोकळं व्हावं? मी लांजा-राजापूर भागात वायरिंगची आणि पंप दुरुस्तीची कामं करतो. असली घरं रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

यातलं काहीही लगेच विकत घेऊ नका. आधी युनिट जातात कुठे ते शोधा. त्याला पैसे पडत नाहीत, मीटरच सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. 3200 चा मीटर असेल तर दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा आणि 1125 ला त्यांनी भागा. येईल तेवढे वॅट त्या क्षणी घरात चालू आहेत. दहा सेकंदांनी लुकलुकला तर साधारण 112 वॅट. 1600 चा मीटर असेल तर 1125 च्या जागी 2250 धरा. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा आणि इन्व्हर्टरचा प्लगही काढा, आणि मीटरसमोर उभे राहा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. नाही थांबला तर कुठेतरी वीज गळते आहे. जुन्या वायरिंगच्या घरात पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा हे हमखास सापडतं, आणि तिथे प्रश्न बिलापेक्षा जिवाचा असतो. त्याच दिवशी वायरमन बोलवा, आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

मग एकेक वस्तू लावत जा आणि आकडा लिहून ठेवा. टीव्ही बंद असतानाही सेट टॉप बॉक्स दहा वॅट खात असेल तर महिन्याला सात युनिट त्यातच जातात. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते या वादळांनंतर इकडे पुष्कळांनी इन्व्हर्टर घेतले. त्यांच्या बॅटऱ्या आता म्हाताऱ्या झाल्यात. अशी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, चार्जर दिवसभर ओढत राहतो. बॅटरी सतत गरम लागत असेल आणि पाणी लवकर आटत असेल तर ती बदलायला झाली आहे.

आता 170 युनिटबद्दल. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिट एका दराने लागतात आणि 101 ते 300 ही त्याच्या जवळपास दुप्पट दराने. वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे तुमच्या घरची वरची 70 युनिटच महाग आहेत. बिल शून्यावर आणायचा ध्यास सोडा, ही 70 खाली आणा.

ही 70 कुठे असतील? माझा पहिला संशय पंपावर. आपल्याकडे वीजबचत म्हटलं की लोक बल्ब आणि चार्जर बोलतात, विहिरीवरच्या मोटरीकडे कुणी बघत नाही. एक एचपीची मोटर लाइनमधून साधारण एक किलोवॅट घेते, म्हणजे तास चालली की एक युनिट. 1000 लिटरची टाकी वीस मीटर वर चढवायची तर निव्वळ हिशेबाने युनिटचा विसावा भाग लागतो. छोट्या मोटरी काही फार कार्यक्षम नसतात, म्हणून पाव युनिट धरा. मोटर बरी असेल तर टाकी पंधरा-वीस मिनिटांत भरली पाहिजे. मी जातो त्या घरांत ती पाऊण तास, तास घेते, आणि घरच्यांना वाटतं मोटरीला एवढा वेळ लागतोच.

कारणं बहुतेक वेळा तीच असतात. पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला फूटव्हॉल्व्ह असतो, त्याच्या जाळीत शेवाळ आणि पाला अडकलेला असतो, किंवा वॉशर गेलेलं असतं आणि मोटर एअर धरते, दर वेळी पाणी ओतून सुरू करावी लागते. दुसरं कारण पाइप. एक इंची पाइपच्या जागी सव्वा इंची टाकला तर तेवढंच पाणी नेताना घर्षणात जाणारी ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. लोक दहा हजारांची नवी मोटर घेतात आणि तिला जुना अरुंद पाइप जोडतात. तिसरं, एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं आणि मोटर मात्र विहिरीच्या काठावरच. काठावरची मोटर सात-आठ मीटरच्या खालून पाणी नीट ओढू शकत नाही. ती फिरते, तापते, पाणी मात्र करंगळीएवढं येतं. मोटर खालच्या पायठ्यावर उतरवा किंवा पाणबुडी मोटर घ्या. आणि मेमध्ये संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं तेव्हा मोटर लावू नका. वाइंडिंग जळायची बहुतेक प्रकरणं माझ्याकडे याच वेळेची येतात. पहाटे लावा.

आई-वडील माडांना, सुपारीला, कलमांना घरच्याच मीटरवरून पाणी सोडतात का, ते विचारा. सोडत असतील तर तुमच्या 70 युनिटांपैकी अर्धी तिथेच सापडतील. मोकळ्या पाइपने आळ्यात पाणी सोडण्यापेक्षा ठिबक करा, आळ्यांत नारळाची सोडणं (वरची सालं) आणि झावळ्या पसरा. ओल टिकली की मोटर कमी लागते. बाग मोठी असेल तर शेतीपंपाच्या वेगळ्या जोडणीची चौकशी करा, तिचे दर घरगुतीपेक्षा खूप कमी असतात.

दुसरा संशय फ्रिजवर, आणि इथे मला तुम्हा मुंबईकरांना मनापासून एक सांगायचं आहे. मुंबईत नवा फ्रिज आला की जुना टेम्पोत घालून गावी पाठवतात. वाटतं, आई-बाबांना उपयोगी पडेल, चालतोय तर टाकायचा कशाला. पण पंधरा-अठरा वर्षांचा फ्रिज, त्यात प्रवासात हललेला, मागची जाळी खाऱ्या हवेने गंजलेली. असे फ्रिज मी मोजलेत, दिवसाला दीड-दोन युनिट खातात. महिन्याचं पन्नास युनिट झालं. त्याची किंमत म्हातारी माणसं दर महिन्याला बिलातून भरतात आणि तुम्हाला कळतही नाही. जुनी वस्तू आई-वडिलांना देऊ नका. नवी छोटी त्यांना द्या.

दोन माणसांना 180-190 लिटरचा एका दाराचा फ्रिज पुरतो. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री घेऊ नका, तो साधारण जास्त वीज घेतो आणि त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स गडगडाटात लवकर जातं. दुकानात तारे बघून फसू नका. तारे त्या आकाराच्या फ्रिजांमध्ये तुलना करून दिलेले असतात, त्यामुळे मोठा फाइव्ह स्टार फ्रिज छोट्या थ्री स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय निकष वरचेवर कडक होतात. जुन्या लेबलचे पाच तारे आजच्या निकषात कमी भरतात, म्हणून लेबलवरचा कालावधी वाचा. खरं बघायचं ते लेबलवर लिहिलेलं वर्षाचं युनिट. त्याला बाराने भागा आणि दोन फ्रिज शेजारी ठेवून ठरवा.

एका दाराच्या फ्रिजला आपल्याकडे एक सवय लावावी लागते. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि फ्रीझरला भराभर बर्फ धरतो. अर्धा सेंटिमीटर झाला की वितळवायचा. सुरीने खरवडू नका, तसं करून गॅसची नळी फोडलेले फ्रिज दर पावसाळ्यात येतात. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर बदलायला झालं. मासळी फ्रीझरमध्ये ठेवायची तर एकेका जेवणापुरत्या वाट्यांत ठेवा, म्हणजे रोज सगळा गठ्ठा बाहेर काढावा लागत नाही.

पंख्यांचं तुम्ही बरोबर विचारलंत. साधा पंखा 75 वॅट, बीएलडीसी 30 च्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. कोकणात पंखा वर्षातले नऊ-दहा महिने फिरतो, म्हणून इथे हा खर्च थंड गावापेक्षा लवकर भरून निघतो. पण घरातले सगळे पंखे बदलू नका. आई-वडील झोपतात ती खोली आणि दुपारी बसतात ती जागा, बस. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून गणपतीत आणि मेमध्ये चालतो, तो आहे तसा राहू द्या. कमी व्होल्टेजला साधा पंखा रडतो, बीएलडीसी त्याच वेगाने फिरतो, आणि लाइट गेल्यावर त्याच बॅटरीवर दुप्पट वेळ चालतो. घर समुद्राजवळ असेल तर पाती गंजणार नाहीत अशी बघून घ्या.

बीएलडीसीला एक अडचण आहे. आत सर्किट असतं आणि वीज कडाडली की ते जातं. म्हणून आधी अर्थिंग तपासा. कातळावर बांधलेल्या घरात मेमध्ये अर्थिंगचा खड्डा सुकून खडखडीत होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमित पाणी ओता. मे-जूनच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात मेन स्विच खाली करायची सवय आई-वडिलांना आहे का, तेही बघा.

उकाड्यावर उपाय म्हणून कूलर मात्र अजिबात नेऊ नका. नागपूर, सोलापूरकडे कूलर चालतो कारण हवा कोरडी असते आणि पाणी उडताना हवा गार करतं. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. खोली अजून चिकट होते, भिंतींना बुरशी येते, आणि पंप-मोटरीची वीज जाते ती वेगळी. एसी लागलाच तर इन्व्हर्टर एसी एका खोलीत, 26-27 वर ठेवून सोबत पंखा. 2020 पासून नवे एसी 24 वरच सुरू होतात, तो आकडा खाली न्यायचं काही कारण नाही. महिनाभरच लागणार असेल तर थ्री स्टार पुरे.

त्याआधी छप्पर बघा. कौलं आणि चिऱ्याच्या भिंती असतील तर माळ्याच्या झडपा उघड्या ठेवा, गरम हवेला वाट मिळू द्या. स्लॅब असेल तर तो दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडतो, पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग देता येतो, पण एका पावसाळ्यात त्यावर काळं शेवाळ चढतं. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत घासून मग हात मारावा लागतो. आपल्याकडे गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड टाकतात, ती याहून बरी. स्लॅब आणि पत्रा यांच्यात वारा खेळेल एवढी उंची ठेवा आणि बाजू बंद करू नका. शेड झालेल्या घरांत रात्रीचा फरक अंगाला कळतो.

अंघोळीच्या पाण्याला गिझर असेल तर सांगतो, कोकणात नळाचं पाणीच 25-26 अंशांचं असतं. पंधरा लिटरची बादली 40 अंशांपर्यंत तापवायला पाव युनिट लागतं. गिझर मोठा, दिवसभर चालू ठेवलेला, हे इथे कशाला हवं? न्हाणीतला बंब आणि घरची सोडणं असतील तर तेही नको.

राहिलं सोलर. पीएम सूर्यघर योजना 2024 साली आली. तिच्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. योजना चांगली आहे, पण पंप, फ्रिज आणि दोन पंखे सुधारल्यावर तुमचं बिल शंभर युनिटच्या आत येईल, आणि स्वस्त टप्प्यातल्या युनिटांसाठी मोठा खर्च करण्यात तुम्हाला फायदा थोडा. पुढे एसी किंवा होम स्टे सुरू करायचा विचार असेल तर जरूर बसवा. तेव्हा सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) आहे का आणि वादळी वाऱ्याला धरून बसवलाय का, हे लेखी घ्या. पॅनलवर दुपारी माडाची सावली पडत नाही ना, ते आदल्या दिवशी उभं राहून बघा. आणि बसवणारा बरेचदा सांगत नाही ते विचारून घ्या: नेट मीटरवालं (जास्तीची वीज लाइनला देणारं) साधं सोलर महावितरणची लाइन गेली की आपोआप बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पावसाळ्यात लाइट जातात म्हणून तुम्ही सोलर घेत असाल तर बॅटरीवालं हायब्रिड लागेल, आणि त्याचा खर्च वेगळा.

आत्ता गावी गेलात की टाकी रिकामी असताना मोटर लावा आणि ती किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून बघा. तो आकडा, विहिरीची खोली आणि पाइपची साइज इथे खाली लिहा, पुढचं मी सांगतो.